बादलीतली वीट

माझी भाची पुण्यात एक कंपनी चालवते. ती आणि तिचे दोन मित्र. बांधकामाच्या जागेचे फोटो काढले की भिंत ओळंब्यात आहे की नाही, काम कुठवर आलंय, हे सगळं त्यांचा संगणक सांगतो म्हणे. गेल्या दिवाळीत तिनं मला विचारलं, "मामा, तुमच्या काळी बांधकामात असं काही नवीन काढणारे फाउंडर होते का हो?" मी उभी हयात बांधकाम खात्यात घालवलेली. 'नव्हते' म्हणायला तोंड उघडलं, आणि एकदम मला एक बादली आठवली. पत्र्याची, एका कानाला तार गुंडाळलेली, आणि तिच्यात पाण्याखाली बसलेली एक वीट. मग मी 'नव्हते' म्हणालो नाही. 'सांगतो कधीतरी' म्हणालो आणि फराळाचं ताट पुढं ओढलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. मी सोलापूरहून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत ओव्हरसियर म्हणून नुकता आलो होतो. एका दुपारी चाळिशीचा एक काटकुळा माणूस आत आला. अंगात खाकी शर्ट, खाली धोतर, खिशात पेनाच्या जागी पाणसळ, म्हणजे तो बुडबुड्याचा छोटा दांडका असतो ना, तो. हातात बादली. 'काय काम आहे' विचारायच्या आत त्यानं पाणसळ काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि खाली वाकून बुडबुडा पाहिला.

"टेबल डाव्या अंगाला पडलंय, सायेब. तुमची सही तिरकी येत आसंल."

सही तिरकीच यायची. मी ते कबूल केलं नाही. त्यानं कागदाची घडी करून टेबलाच्या पायाखाली सरकवली, पुन्हा बुडबुडा पाहिला आणि मगच बादली वर ठेवली, ती नेमकी जिल्ह्याला जायच्या फाइलीवर.

"ही ईट चाळीस दिस पाण्यात हाय. भाजलेली न्हाय. काढून बघा."

मी बाही वर करून वीट काढली. राखाडी रंगाची, आपल्या विटेपेक्षा थोराड. बादलीतलं पाणी मात्र स्वच्छ होतं. कच्ची वीट चाळीस दिवस तर सोडाच, चाळीस मिनिटं पाण्यात ठेवली तरी तिचा चिखल होतो हे मला पुस्तकातून आणि अनुभवातूनही ठाऊक होतं. मी वीट उलटीपालटी केली, नखानं खरवडली.

"पाण्याफुडं वशिला चालत न्हाय, सायेब," ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढच्या सहा-सात वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं की घरी नळाची तोटी गळायला लागली तरी माझ्या तोंडात यायचं.

लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. गाव ढोकीच्या बाजूचं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. चांगली कायमची नोकरी. दुष्काळात त्यांचं सगळं गाव खडी फोडायला गेलं तेव्हा हे सुट्टीच्या दिवशी भावंडांना भाकरी घेऊन जायचे. खडीचे ढीग पाहून त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. मला त्यांनी तो असा सांगितला: "हजारानं माणसं हुती. हजारानं हात. वरीसभर दगड फोडले. आन पावसाळा आला तवा त्याच माणसांची भिताडं पडली. म्हणलं, एवढ्या हातांनी सोताचं घर का हूं नये?"

झालं. किडा काही निघाला नाही, नोकरी गेली. म्हणजे घालवली. भंगारातले रूळ, ट्रॉलीच्या पाट्या आणि एक लांबलचक दांडा यांतून त्यांनी एक यंत्र बनवलं. साच्यात मुरूम, चुना आणि कारखान्याच्या बॉयलरची राख यांचं ओलसर मिश्रण भरायचं, झाकण लावायचं आणि दोघांनी दांड्याला लोंबकळायचं. वीट बाहेर. ना भट्टी, ना सरपण. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळात हे म्हणजे नवलच होतं.

आणि सहकाराचे दिवस. दुधाची संस्था, उसाची संस्था, सुताची संस्था. मिस्त्रींनीही विटांची संस्था काढली. सभासद सगळे भाऊबंद आणि मेव्हणे. घरावर फळी लावली, तिच्यावर संस्थेचं नाव एवढं लांब होतं की शेवटचं अक्षर शेजाऱ्याच्या भिंतीवर गेलं होतं. चेअरमन तेच, सेक्रेटरी तेच, आणि विटांवर कुत्री बसू नयेत म्हणून राखण करणारेही तेच.

ओल्या विटेला तीन आठवडे पाणी मारावं लागतं. गावात प्यायला पाणी नाही आणि हा माणूस विटांना पाणी पाजतो, म्हणून लोक खवळले. मिस्त्रींनी त्यावर तोड काढली. ते विटांच्या थप्पीवर बसून आंघोळ करायला लागले. आंघोळीचं पाणी खाली विटांवर. मग मेव्हण्यांनाही थप्प्या नेमून दिल्या. शेवटी गल्लीत दवंडीच दिल्यासारखं सांगून टाकलं, ज्याला आंघोळ करायची त्यानं संस्थेत येऊन करावी, फक्त साबण लावायचा नाही, वीट बिघडते. मी एकदा सकाळी गेलो तर संचालक मंडळ उघड्या अंगानं ओळीनं थप्प्यांवर बसलेलं. इतकी पूर्ण हजेरी असलेली संचालक मंडळाची बैठक मी नंतर कुठल्याही संस्थेत पाहिली नाही.

मिस्त्रींच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो. त्या सांगायच्या, "मला बघायला आले तवा ह्यांनी पोह्याला हात लावला न्हाय. उठले, आमच्या भिताडाचा पोपडा काढला आन जिभंवर ठेवला. माझा बाप म्हणला, पोरगं खुळं हाय. आई म्हणली, भूक लागली आसंल."

माती चाखणं हे त्यांचं खरं शास्त्र. गावोगावच्या मातीच्या बाटल्या घरात फळीवर मांडलेल्या, औषधांच्या, सरबताच्या, हाताला येतील त्या. बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायची आणि वाळू किती, चिकण किती ते थरावरून ओळखायचं. मातीची वळकटी करून बोटाला गुंडाळायची, तुटते का बघायचं. पण शेवटचा कौल जिभेचा. मातीत मीठ असलं की वीट आज चांगली दिसते आणि नंतर भिंतीला लोणा लागतो, पांढरं पीठ सुटून खपल्या पडतात. ते मीठ जिभेला कळतं. त्यासाठी सकाळी चहाच्या आधी, चूळ भरून, चिमूटभर माती जिभेच्या टोकावर. पान खाणाऱ्याला ते कधीच चाखू द्यायचे नाहीत. मी तंबाखूचं पान खायचो. "तुमची जीभ म्हंजे सरकारी रस्ता," म्हणायचे, "वर नुसतं डांबर. खालचं काय कळतंय?"

एकदा तुळजापूरला कामासाठी गेलो असता आम्ही दोघं एका लॉजवर उतरलो. मी आडवा झालो तर हे खाटेवर पाणसळ ठेवून बसले. "उशाकडं दोन सूत उतार हाय." मी म्हणालो, असू दे. नाही. खाली जाऊन मॅनेजरकडून दोन पाट आणले, माझ्यासकट खाट उचलून पायाखाली घातले. देवीचं दर्शन घेतानाही त्यांचा हात खिशाकडं गेला होता. मी तो धरला.

हसायला ठीक आहे. पण त्यांची वीट चांगली होती आणि ती कुणी घेत नव्हतं. गाववाले म्हणत, सरकारनं एक शाळेची खोली ह्या विटेची बांधावी, मग आम्ही बांधू. आणि सरकार म्हणजे मी. दर महिन्याला मिस्त्री बादली घेऊन यायचे आणि दर महिन्याला आमचं हेच बोलणं व्हायचं.

"मिस्त्री, ही वीट आमच्या दरपत्रकात नाही."

"मग लिवा की."

"लिहायचा अधिकार मला नाही."

"खोडायचा हाय?"

"तोही नाही."

"मग तुमाला पगार कशाचा देतेत, सायेब?"

यावर मी चहा मागवायचो. वरिष्ठांना एक टिपण पाठवता आलं असतं, पण टिपण पाठवलं की त्याचा खुलासा मागतात. मी बाल-बच्चेवाला माणूस. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. माझा स्वभावच तसा होता, अंगाला लावून न घेण्याचा, आणि तो मला बराच काळ शहाणपणा वाटत आला.

पुढं माकणीच्या बाजूला धरणाचं काम निघालं आणि नदीकाठची काही गावं पाण्यात जाणार असं ठरलं. त्यातल्या एका गावाच्या नव्या गावठाणाची आखणी माझ्याकडं आली. रस्ते आखायचे, प्लॉटच्या खुंट्या मारायच्या. घरं ज्याची त्यानं बांधायची, म्हणजे त्याच्याशी माझा संबंध नव्हता. 'माझा संबंध नव्हता' हे मी त्या वर्षात मनाशी पुष्कळदा म्हटलं.

गावात बौद्ध वस्ती होती, बावीस घरांची. दिवाळीनंतर जुनं गाव सोडायचं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी येणार होतं. आठ महिन्यांत बावीस घरं. मोठे शेतकरी सोलापूरहून वीट आणत होते. वस्तीतले पुरुष ऊसतोडीला गेलेले. मागं राहिलेल्या बायांचं पुढारपण गयाबाईंकडं होतं. पस्तिशीच्या असतील. नवरा ऊसतोडीला, वरच्या अंगाला दोन एकर कोरडवाहू रान, तेवढं पाण्याबाहेर राहणार होतं. त्या मला म्हणाल्या, "सायेब, जुन्या गावात आमची घरं खालच्या अंगाला, मातीची. दर पावसात एखादं भिताड बसायचं. ह्या बारीला घर पक्कं पायजे. कसं करायचं ते तुमी सांगा."

मी मिस्त्रींचं नाव सांगितलं. आयुष्यात एवढी एक शिफारस मी केली, तीही तोंडी.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी यंत्रासकट हजर. एवढी वर्षं वाट पाहून पहिलं खरं काम आलं होतं. बावीस घरं उभी राहिली असती तर कुणी दरपत्रक विचारलं नसतं, गावं आपण होऊन यंत्र मागायला आली असती. त्यांनी जागा पाहिली. नवं गावठाण काळ्या मातीचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिची वीट होत नाही. मुरमाची टेकडी चार मैलांवर. ते म्हणाले, मुरूम आणा. गयाबाई म्हणाल्या, "मुरमाला गाड्या कुणाच्या? ज्यांच्याकडं गाड्या हायत ते आपलंच घर हलवायलेत. आमच्या जुन्या भिताडाची माती न्हाय का चालायची? तशी बी पाण्यातच जाणार हाय ती."

"चाखून सांगतो," मिस्त्री म्हणाले. "उद्या येतो, मूठभर काढून ठिवा." आणि मला म्हणाले, "सायेब, उद्या पान खाऊ नका. एकाच्या जिभंला दुसऱ्याची साक्ष आसलेली बरी." हा माझा बहुमानच होता. मी दुसऱ्या दिवशी पहाटे चूळ भरून, बिनपानाचा, सायकलवर निघालो.

जाऊन पाहतो तर मूठभर नाही, ढीग. बायांना वाटलं, उगाच दिवस कशाला घालवा. नऊ घरांची भिताडं त्यांनी दिवसरात्र खपून पाडली होती, माती चाळली होती आणि डोक्यावर वाहून नव्या गावठाणात आणून टाकली होती. चौदा-पंधरा बाया ढिगाशेजारी उभ्या, भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या. घरातलं सामान उघड्यावर. एका चुलीवर चहा ठेवलेला, आमच्यासाठी.

मिस्त्रींनी चूळ भरली. चिमूट जिभेवर ठेवली. थुंकले. पुन्हा चूळ भरली, ढिगाच्या दुसऱ्या बाजूची चिमूट घेतली. मग मला दिली. मी चाखली. खारट होती. पारखी जीभ लागत नव्हती तिला, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पिढ्यान् पिढ्या माणसं आणि गुरं राहिलेल्या जागेची माती ती, मीठ उतरलेली.

गयाबाईंनी विचारलं, "कशी हाय?"

मिस्त्री ढिगाकडं बघत होते. मग बायांकडं बघितलं. मग यंत्राकडं.

"चालंल," ते म्हणाले.

गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून चंची काढली, पान लावलं आणि तोंडात घातलं. तोंडात पान असलं की माणसाला बोलावं लागत नाही.

पुढच्या दोन महिन्यांत मात्र मी पाहिला तसा आनंद पूर्वी कधी पाहिला नव्हता. दोन-दोन बाया दांड्याला लोंबकळायच्या, वीट बाहेर आली की ओरडायच्या. मिस्त्री प्रत्येक थरावर पाणसळ ठेवून फिरायचे. आंघोळीची पद्धत त्यांनी इथंही सुरू केली, फक्त बायांसाठी गोणपाटाचा आडोसा उभारून. दर आठवड्याला एक वीट बादलीत. ती शाबूत. बादलीवर माझा विश्वास बसायला लागला. वाटलं, राखेनं, चुन्यानं मीठ मारलं असेल. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते तो वाटून घेतो. पण बुडालेल्या विटेतलं मीठ दिसत नाही. ते दिसतं वीट वाळायला लागली की.

नऊ घरं खिडकीपर्यंत आली आणि उन्हं तापायला लागली. एक दिवस निरोप आला, भिंतींना पीठ लागलंय. मी गेलो तेव्हा मिस्त्री आधीच आलेले. पायाकडून हातभर उंचीपर्यंत पांढरं फुललं होतं. बोट लावलं की खपली निघायची, आतली वीट भुसभुशीत. त्यांनी ते पांढरं नखानं काढलं, जिभेवर ठेवलं आणि थुंकले. मग म्हणाले, "समद्यांना बोलवा."

ऊसतोड संपून पुरुष परत आले होते. सगळे त्या अर्ध्या भिंतींमध्ये जमले. मिस्त्री एका थप्पीवर चढले.

"ह्यो लोणा हाय. ही घरं ऱ्हाणार न्हाईत. यंत्राची चूक न्हाय, तुमची न्हाय. म्या माती चाखली हुती. खारट हुती. मला तवाच कळलं हुतं आन म्या चालंल म्हणलो. चूक माझी हाय. ही पाडायची आन मुरमाची पुन्यांदा करायची. पाणी यायच्या आत करायची. म्या हितंच ऱ्हातो."

मग गयाबाईंचा दीर शंकर पुढं आला. नुकता तोडीवरून आलेला, हात अजून पाचटानं कापलेले. तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, "आन ह्यो सायेब? ह्यो बी हुता म्हणं तवा. ह्यानं बी चाखली. सरकारी माणूस हाय, ह्याला नगं का सांगाया? ह्याच्यावर अर्ज करतो म्या जिल्ह्याला."

अर्ज, चौकशी, खुलासा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला बोलायचं होतं असं मी आज म्हणू शकतो. तेव्हा मी बोललो नाही.

मिस्त्री म्हणाले, "सायबाला कशाला धरायलास? त्यांच्या तोंडात पान हुतं. पान खाणाऱ्याला मातीची चव कळत न्हाय, म्या कायम सांगतो."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणीही माझा गाल पानानं फुगलेला होता. मी होकारार्थी मान हलवली. शंकर थुंकला आणि निघून गेला. अर्ज झाला नाही.

ढोकीचा एक ट्रॅक्टरवाला मिस्त्रींचा जुना दोस्त होता. गळीत संपल्यानं त्याची ट्रॉली रिकामी होती. तो मुरूम टाकायला लागला. मिस्त्री वस्तीतच राहिले, गोणपाटाच्या आडोशात. दिवस उगवला की दांड्याला लोंबकळायचे, मावळेपर्यंत. हातांची सालटी गेली, वर चिंध्या बांधल्या. वहिनी येऊन भाकरी थापायला लागल्या. पहिले आठ दिवस वस्तीतलं कुणी जवळ आलं नाही. नवव्या दिवशी गयाबाईंनी दांड्याचं दुसरं टोक धरलं. मग बाकीच्या आल्या. शेवटी शंकरही.

मी रविवारी जायचो. तीन रविवार दांडा ओढला. त्यानं काही फिटत नाही, पण घरी बसवेना. तिसऱ्या रविवारी कुणी जवळ नाही असं पाहून मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही 'चालंल' का म्हणालात?"

ते वीट उचलून थप्पीवर ठेवत होते. म्हणाले, "भिताडं पाडून बसल्या हुत्या त्या. लेकरं उघड्यावर. न्हाय म्हणायला जीभ उचलली न्हाय. आन दुसरं बी हाय. एवढ्या वर्सांनी माझ्या यंत्राला काम आलं हुतं. त्या बायांसाठी म्हणलो का यंत्रासाठी, ते मला बी ठरवता येईना झालंय. लई इचार केला. न्हाय ठरत."

"आणि त्या दिवशी पानाचं—"

"सायेब, दांडा धरा. माल वाळायलाय."

पाणी आलं त्याच्या आधी सतरा घरांवर पत्रे चढले होते. उरलेली पाच कुटुंबं दुसऱ्यांच्या ओट्यावर एक पावसाळा राहिली आणि दिवाळीत आपापल्या घरात गेली.

पाडलेल्या खारट विटांचं काय झालं ते सांगायला हवं. त्यांचा मोठा ढीग पडला होता. मिस्त्रींना तो डोळ्यांसमोर नको होता, दुसऱ्या बाजूनं फिरून जायचे. एक दिवस गयाबाई आणि बाकीच्या बाया त्या विटा ठेचून टोपल्यांतून वरच्या रानांत न्यायला लागल्या. जुन्या गावठाणाची पांढरी माती रानात टाकायची रीत आमच्याकडं सगळीकडंच आहे. घराला जे मीठ नडतं तेच पिकाला खत होतं. गयाबाई टोपली घेऊन मिस्त्रींसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्रीदादा, आमच्या भिताडाची माती पाण्यात गेली न्हाय, आमच्या रानात गेली. आता तरी सरळ रस्त्यानं चाला."

मिस्त्री खाली बसले आणि चिंध्या बांधलेल्या हातांत तोंड घालून रडले. त्या माणसाला मी तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

यंत्र त्यांनी वस्तीला देऊन टाकलं. विटांची गोष्ट मात्र तिथंच संपली. 'लोणा लागला होता' एवढंच तालुकाभर झालं, पुढचं कुणी सांगितलं नाही. संस्थेची फळी उतरली. ते इंजिनं, पंप दुरुस्त करायला लागले. माझी बदली झाली. ते गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, तेही बसस्टँडवर, दुसऱ्याच कुणाकडून.

त्यानंतर एकदा कामानिमित्त मी त्या गावठाणात गेलो. वस्तीच्या मध्यभागी त्याच विटेचं बुद्धविहार झालं होतं. दारात यंत्र, दांड्याला तेल लावलेलं. मी घरांच्या भिंतींवरून हात फिरवत गेलो. कुठं पीठ नाही, खपली नाही. गयाबाईंनी मला ओळखलं. "जयभीम सायेब, या," म्हणाल्या, खाट टाकली. केस पांढरे झाले होते.

बोलता बोलता मिस्त्रींचा विषय निघाला. मी म्हणालो, "लई सच्चा माणूस."

"सच्चे हुते," त्या म्हणाल्या. "पर दोनदा खोटं बोलले. एकदा आमच्यासाठी, आन एकदा तुमच्यासाठी."

मी खाटेची सुतळी बोटानं ओढत बसलो.

"पान तुमी माती चाखल्यावर लावलं हुतं, सायेब. आदी न्हाय. म्या तुमच्या म्होरंच उभी हुती."

मी विचारलं, "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"त्यांनी तुमाला झाकलं हुतं. त्यांनी झाकलेलं म्या कशाला उघडू?"

मला तेव्हा पन्नाशी लागली होती. पान सोडून बरीच वर्षं झाली होती, तोंड रिकामं होतं. मी म्हणालो, "गयाबाई, माती खारट लागली होती मला. चांगली खारट लागली होती."

त्या मग उठून चुलीपाशी गेल्या.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आज तुमच्या तोंडून ऐकलं. चहा टाकते, बसा."